‘हे तर सगळं ग्राफिक्स आहे!’ असं आपण सहज म्हणतो. पण पडद्यावरचा तो वाघ नेमका बनतो कसा?

२४ फेब्रुवारी २०१३. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा सुरू होता. सर्वोत्कृष्ट व्हिज्युअल इफेक्ट्सचा पुरस्कार ‘लाइफ ऑफ पाय’ला जाहीर झाला. समुद्रात भरकटलेला एक मुलगा आणि त्याच्याच होडीत असलेला रिचर्ड पार्कर नावाचा वाघ, ही त्या चित्रपटाची गोष्ट. पडद्यावर दिसणारा तो वाघ बहुतेक वेळा खरा नव्हता, संगणकावर तयार केलेला होता.

पुरस्कार घ्यायला आलेले बिल वेस्टनहोफर हे ‘रिदम अँड ह्यूज’ या स्टुडिओचे. आभार मानता मानता त्यांनी आपल्या स्टुडिओच्या आर्थिक अडचणींचा विषय काढला, आणि तेवढ्यात ‘जॉज’ चित्रपटाचं शार्कवालं संगीत वाजू लागलं. वेळ संपली, माइक बंद. ज्या स्टुडिओने हा वाघ घडवला, त्याने काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्स कलाकार निदर्शनं करत होते.

जगातलं सर्वोत्तम काम केलं म्हणून पुरस्कार मिळतो आणि त्याच वेळी कंपनी बुडते, हे कसं काय? याचं उत्तर शोधायचं तर आधी संगणकाने सिनेमा कसा बदलला, ते समजून घ्यावं लागतं.

संगणक नव्हता तेव्हा काय व्हायचं?

पडद्यावर खोटं दाखवण्याची कला सिनेमाइतकीच जुनी आहे. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस मुळात जादूगार. १९०२ साली त्यांनी पडद्यावर माणसांना चंद्रावर पोचवलं. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनाही जादूच्या प्रयोगांची चांगली जाण होती. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, किंवा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं, अशा युक्त्यांवरच पुढे पौराणिक चित्रपटांतले चमत्कार उभे राहिले.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. चित्रीकरणाच्या जागीच केलेला स्फोट, पाऊस, धूर किंवा यंत्राने हलणारा पुतळा म्हणजे स्पेशल इफेक्ट्स. चित्रीकरण झाल्यावर प्रतिमेत जे बदललं, जोडलं किंवा पुसलं जातं, ते व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजेच व्हीएफएक्स.

जुन्या काळी हे जोडकाम ‘ऑप्टिकल प्रिंटर’ नावाच्या यंत्रावर व्हायचं. एका फिल्मवरची प्रतिमा दुसऱ्या फिल्मवर पुन्हा टिपायची, तिच्यावर तिसरी, मग चौथी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं फिकट होतात, तसंच इथेही व्हायचं. प्रत्येक थराबरोबर चित्र खरखरीत व्हायचं आणि जोडलेल्या वस्तूभोवती काळसर रेघ उमटायची. त्यामुळे कल्पना कितीही मोठी असली, तरी थर किती चढवायचे याला मर्यादा होती.

संगणक आला तो आधी कॅमेरा हलवायला

१९७३ च्या ‘वेस्टवर्ल्ड’ चित्रपटात यंत्रमानवाच्या नजरेतून जग कसं दिसतं, हे दाखवण्यासाठी पहिल्यांदा संगणकाकडून प्रतिमेवर प्रक्रिया करून घेतली गेली. पडद्यावर नुसते चौकोनी ठिपके दिसायचे.

खरी उडी आली १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये. जॉर्ज लुकास यांनी या चित्रपटासाठी ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’, म्हणजे आयएलएम, ही कंपनी १९७५ साली काढली होती. तिथे जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने असा कॅमेरा बनवला, ज्याची प्रत्येक हालचाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लक्षात ठेवायची. फायदा असा की तीच हालचाल हवी तितक्या वेळा अगदी हुबेहूब करता यायची. एकदा यानाची छोटी प्रतिकृती टिपायची, दुसऱ्यांदा दुसरं यान, तिसऱ्यांदा तारे. सगळे थर एकमेकांवर नेमके बसायचे. यानं मात्र प्लास्टिकचीच होती. संगणक अजून मोठ्या प्रमाणावर चित्र काढत नव्हता.

ते काम १९८२ साली ‘ट्रॉन’मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. गंमत म्हणजे ऑस्करच्या व्हिज्युअल इफेक्ट्स विभागात ‘ट्रॉन’ला नामांकनही मिळालं नाही. संगणक वापरणं म्हणजे फसवणूक, असं तेव्हा मानलं गेलं, असं दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गर यांनी पुढे सांगितलं. त्याच वर्षी ‘स्टार ट्रेक २’साठी लुकास यांच्याच संगणक विभागाने साधारण मिनिटभराचं एक दृश्य केलं. हा विभाग पुढे स्टीव्ह जॉब्स यांनी १९८६ साली विकत घेतला. तीच आजची पिक्सार.

१९८९ च्या ‘द ॲबिस’मध्ये पाण्याचा हलता सोंड्या आला आणि १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये पाऱ्यासारखा वितळणारा खलनायक. पण पाणी काय किंवा पारा काय, दोन्ही गुळगुळीत आणि चकचकीत. त्या काळच्या संगणकाला तेच जमायचं. कातडी, सुरकुत्या, स्नायू आणि वजन असलेला जिवंत प्राणी जमेल का, हा प्रश्न बाकी होता.

डायनोसॉर आले आणि एक कला धोक्यात आली

‘ज्युरासिक पार्क’ करताना स्टीव्हन स्पीलबर्ग यांची मूळ योजना जुन्या पद्धतीची होती. जवळच्या दृश्यांसाठी स्टॅन विन्स्टन यांचे यंत्राने हलणारे डायनोसॉर. लांबच्या दृश्यांसाठी फिल टिपेट यांच्या छोट्या प्रतिकृती, ज्या फ्रेममागून फ्रेम हलवून टिपायच्या. टिपेट या कामातले उस्ताद होते.

आयएलएममधल्या स्टीव्ह विल्यम्स आणि मार्क डिपे यांनी मात्र कोणी सांगितलेलं नसताना संगणकावर टी-रेक्सचा सांगाडा चालवून पाहिला. ती चाचणी पाहिल्यावर योजनाच बदलली. आता आपलीच जात नामशेष झाली, अशा अर्थाचं काहीतरी टिपेट बोलून गेले, आणि स्पीलबर्ग यांनी तो विनोद थेट चित्रपटाच्या संवादात घेतला.

पण टिपेट घरी गेले नाहीत. संगणक चालवणाऱ्या तरुणांना सॉफ्टवेअर येत होतं, पण जनावर चालताना वजन कुठल्या पायावर टाकतं, मान वळवण्याआधी खांदा कसा हलतो, हे टिपेट यांना ठाऊक होतं. मग एक मधला मार्ग निघाला. धातूच्या सांगाड्याच्या सांध्यांमध्ये सेन्सर बसवले. टिपेट यांचे कारागीर तो सांगाडा नेहमीप्रमाणे हातांनी हलवायचे आणि ती हालचाल थेट संगणकात उतरायची.

१९९३ साली चित्रपट आला आणि प्रेक्षक थक्क झाले. आजही अनेकांना वाटतं, त्यातले सगळे डायनोसॉर संगणकाचेच. प्रत्यक्षात डायनोसॉर पडद्यावर असतात साधारण पंधरा मिनिटं, आणि त्यातली संगणकाची दृश्यं भरतात जेमतेम सहा मिनिटं. बाकीचं काम विन्स्टन यांच्या यंत्रांचं. पावसातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगात टी-रेक्सची रबरी कातडी पाणी शोषून इतकी जड व्हायची, की अख्खं धूड थरथरायला लागायचं. मग मधे थांबून ते पुसून, वाळवून घ्यावं लागायचं.

तीस वर्षांनंतरही ती दृश्यं जुनी वाटत नाहीत, त्यामागे हेच कारण सांगितलं जातं. रात्र, पाऊस, जवळ खरं यंत्र आणि जिथे यंत्र चालणार नाही, फक्त तिथे संगणक.

नेमकं काय बदललं?

संगणकाने आणलेला सगळ्यात मोठा बदल डायनोसॉरच्याही मागे आहे. फिल्मवरचं चित्र स्कॅन होऊन संगणकात गेलं की ते आकड्यांमध्ये बदलतं. एका फ्रेममध्ये लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे आकडे. आकड्यांची कितीही वेळा नक्कल केली तरी ती फिकट होत नाही. म्हणजे ऑप्टिकल प्रिंटरची मर्यादाच संपली. पन्नास थर चढवा नाहीतर पाचशे, चित्र तितकंच स्वच्छ राहतं.

याचा परिणाम सिनेमाच्या प्रत्येक खात्यावर झाला.

- संकलन: पूर्वी फिल्मच्या पट्ट्या कापून चिकटवत. ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) हा संगणकावर संकलित होऊन संकलनाचं ऑस्कर जिंकणारा पहिला चित्रपट.
- रंग: ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) चित्रित झाला तेव्हा मिसिसिपीत सगळीकडे हिरवंगार होतं, आणि दिग्दर्शकांना हवा होता धुळकट, पिवळसर उन्हाळा. मग अख्ख्या चित्रपटाचे रंग संगणकावर बदलले गेले.
- अभिनय: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॉलम हा अँडी सर्किस यांचा अभिनय आणि ॲनिमेटरांचं काम यांचा मिलाफ. शरीराची हालचाल सेन्सरने टिपली, चेहरा मात्र सर्किस यांच्याकडे पाहून ॲनिमेटरांनी घडवला. ‘अवतार’च्या (२००९) वेळी कलाकारांच्या डोक्यावर बसवलेला छोटा कॅमेरा चेहराही टिपू लागला.
- सेट: ‘द मँडलोरियन’ (२०१९) या मालिकेत हिरव्या पडद्याऐवजी साधारण २० फूट उंचीची एलईडी भिंत उभारली. तिच्यावर व्हिडिओ गेमच्या तंत्राने वाळवंट दिसतं आणि कॅमेरा हलला की दृश्यही त्याच्याबरोबर सरकतं. भिंतीचा उजेड कलाकाराच्या चेहऱ्यावर आणि चिलखतावर खराखुरा पडतो.

पाच सेकंदांचा वाघ : एक शॉट, अनेक हात

आता पुन्हा रिचर्ड पार्करकडे येऊ. ‘लाइफ ऑफ पाय’चं बरंचसं चित्रीकरण तैवानमध्ये, एका जुन्या विमानतळावर बांधलेल्या प्रचंड पाण्याच्या टाकीत झालं. भूमिका करणारा सूरज शर्मा वाघाबरोबर होडीत कधीच नव्हता. समोर असायचं निळ्या रंगाचं एखादं बाहुलं, नाहीतर कोणीच नाही. खरे वाघ वेगळे टिपले गेले. काही शॉट्समध्ये तेच वापरले आणि बाकीच्यांसाठी त्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. वाघ पंजा कसा टाकतो, श्वास घेताना पोट कसं हलतं, हे सगळं.

असा एखादा शॉट साधारण पुढच्या टप्प्यांतून जातो.

१. मॅचमूव्ह: चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा कसा हलला, ते संगणकात शोधून काढायचं. त्याशिवाय वाघ होडीत टेकलेला वाटणारच नाही, तरंगत राहील.

२. रोटो: मुलाची, वल्ह्याची, होडीच्या कडेची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम आखून ते भाग वेगळे करायचे. २४ फ्रेम म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद.

३. मॉडेल आणि रिग: वाघाचं शरीर घडवायचं. आत हाडं, त्यावर स्नायू, त्यावर सरकणारी कातडी आणि वर केस.

४. ॲनिमेशन: त्याला चालवायचं. इथे संगणक स्वतःहून काही करत नाही, माणूस एकेक पोझ ठरवतो.

५. लाइटिंग आणि रेंडरिंग: टाकीवर ऊन ज्या दिशेने होतं, त्याच दिशेने संगणकातही उजेड सोडायचा. मग प्रत्येक केसावर तो कसा पडेल, याचं गणित संगणक करतो.

६. कंपोझिटिंग: मुलगा, वाघ, पाणी, आकाश, सावल्या सगळं एकत्र बसवायचं. जोड कुठेही दिसता कामा नये.

रेंडरिंगला किती वेळ लागतो? समजा एका फ्रेमला दहा तास लागले. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम. म्हणजे एकच संगणक वापरला तर १,२०० तास, सलग ५० दिवस. म्हणून हजारो प्रोसेसर एकत्र जोडून हे काम वाटून घेतलं जातं. ‘इंटरस्टेलर’मधल्या कृष्णविवराच्या काही फ्रेमना तर प्रत्येकी शंभर तासांपर्यंत वेळ लागला होता. शास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवर ते चित्र बेतलं होतं.

सेटवर हिरवा किंवा निळा पडदा का असतो? माणसाच्या त्वचेत हे रंग फारसे नसतात, त्यामुळे संगणकाला पडदा ओळखून काढून टाकणं सोपं जातं. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये हिरवा रंग टिपणारे बिंदू लाल आणि निळ्याच्या दुप्पट असतात. म्हणून हिरवा जास्त चालतो.

जे दिसत नाही, तेच जास्त

‘यात व्हीएफएक्स नाही, सगळं खरं आहे’ ही हल्ली जाहिरातीची ओळ झाली आहे. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) याचं चांगलं उदाहरण. गाड्या खऱ्या होत्या, नामिबियाच्या वाळवंटातला पाठलाग खरा होता, स्टंट करणारी माणसं खरी होती. तरीही या चित्रपटात सुमारे २,००० शॉट्सवर व्हीएफएक्सचं काम झालं. सुरक्षेच्या तारा पुसणं, आकाश बदलणं, दोन वेळा टिपलेले प्रसंग एकत्र आणणं, अशी कामं त्यात येतात.

म्हणजे ‘ग्राफिक्स वाईट होतं’ असं जेव्हा आपल्याला वाटतं, तेव्हा फक्त फसलेलं काम आपल्याला दिसलेलं असतं. जमलेलं काम दिसतच नाही. म्हणून त्याची मोजदादही होत नाही.

मग स्टुडिओ बुडतो का?

कारण या धंद्याचं गणित. व्हीएफएक्स स्टुडिओ बहुतेकदा ठरावीक रकमेला काम घेतो. पण काम किती, हे ठरवणारा दिग्दर्शक. ‘वाघ थोडा डावीकडे घ्या’ किंवा ‘पहाट नको, संध्याकाळ करा’, असं शेवटच्या महिन्यातही सांगितलं जातं. बदल वाढतात, रक्कम तीच राहते. चित्रपट लांबणीवर पडला तर शेकडो कलाकारांचे पगार मात्र चालूच राहतात.

दुसरं कारण करसवलती. कॅनडा, ब्रिटन यांसारखे देश तिथे काम केल्यास निर्मात्याला खर्चाचा काही भाग परत देतात. त्यामुळे काम सवलतीच्या मागे जातं आणि कामामागे कलाकार शहर बदलत राहतात.

‘रिदम अँड ह्यूज’ १९८७ पासून चालत आलेला, तीन चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवणारा स्टुडिओ होता. मुंबई आणि हैदराबादलाही त्याच्या शाखा होत्या. तो बुडाला तेव्हा जगभरच्या कलाकारांनी फेसबुकवर आपला फोटो काढून त्या जागी नुसता हिरवा चौकोन लावला. आमचं काम काढलं, तर पडद्यावर एवढंच उरेल, असा त्याचा अर्थ होता.

यात सोशल मीडियाचाही वाटा आहे. २०१९ मध्ये ‘सॉनिक द हेजहॉग’चा ट्रेलर आला आणि त्या निळ्या पात्राचे माणसासारखे दात पाहून लोकांनी इतकी खिल्ली उडवली, की पात्र नव्याने घडवायचं ठरलं. चित्रपट नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीत गेला, लोकांना आवडला, आणि प्रेक्षकांचं ऐकलं म्हणून कौतुकही झालं. मात्र त्यावर काम केलेलं एमपीसी कंपनीचं व्हँकुव्हरमधलं कार्यालय चित्रपट येण्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. बाजारातला दबाव आणि इतर ठिकाणच्या अधिक चांगल्या संधी, अशी कारणं कंपनीने दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर एमपीसीची मूळ कंपनी असलेला टेक्निकलर समूहच कोलमडला. लंडनपासून बंगळुरू आणि मुंबईपर्यंत लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

रोटो, तारा पुसणं, मॅचमूव्ह ही वेळखाऊ कामं मोठ्या प्रमाणावर भारतात होतात, त्यामुळे हे धक्के आपल्यापर्यंत पोचतात. दुसरी बाजूही आहे. नमित मल्होत्रा यांनी मुंबईत सुरू केलेली ‘प्राइम फोकस’ २०१४ मध्ये लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’शी एकत्र आली. ‘इंटरस्टेलर’ आणि ‘ड्यून’साठी ऑस्कर मिळवणारी ‘डीएनईजी’ ती हीच.

आता एआय

आता रोटोसारखी कामं एआय साधनं झपाट्याने शिकत आहेत, म्हणजे ज्या कामांवर भारतातले हजारो तरुण या क्षेत्रात शिरतात, नेमकी तीच. चेहरा आणि आवाजाची नक्कलही शक्य झाली आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस आणि कलाकार ११८ दिवस संपावर गेले, त्यामागचा एक मोठा मुद्दा एआय होता. संपानंतरच्या करारात कलाकाराची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर त्याची संमती आणि मोबदला यांचे नियम आले. त्याच वर्षी मार्व्हलमधल्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनीही एकमताने संघटना स्थापन करण्याच्या बाजूने कौल दिला.

‘ज्युरासिक पार्क’च्या वेळी टिपेट यांची कला संपणार असं वाटलं होतं. ती टिकली, कारण जनावर कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना कामात सामावून घेणारा दिग्दर्शक होता. आजच्या रोटो कलाकाराला तशी जागा मिळेल का, हे सॉफ्टवेअर ठरवणार नाही. ते निर्माते, स्टुडिओ आणि त्यांच्यातले करार ठरवतील.

पुढच्या वेळी सिनेमा संपल्यावर पडद्यावर सरकणारी नावं दोन मिनिटं थांबून पाहा. व्हीएफएक्सच्या यादीत बऱ्याचदा शर्मा, रेड्डी, कुलकर्णी, पाटील अशी ओळखीची आडनावं दिसतील. ‘सगळं ग्राफिक्स आहे’ म्हणजे त्या सगळ्यांनी केलेलं आहे.